वाचकांचे प्रश्न : पाण्यात विरलेला धातू परत हातात

पाण्यात विरघळलेल्या दहा धातूंमधून आपल्याला हवा तेवढाच एक धरून ठेवणारी रेझिन (प्लास्टिकचे बारीक मणी), सिलिका (वाळूच्याच द्रव्याची भुकटी) आणि तंतू, म्हणजेच निवडक अधिशोषक, हा या वेळच्या प्रश्नांचा विषय आहे. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. सर्वांत जास्त पत्रं प्लेटिंगच्या कारखान्यांतून आली, म्हणून पहिल्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : आमच्या निकेल प्लेटिंगच्या (मुलाम्याच्या) रिन्स टाकीतून, म्हणजे माल धुण्याच्या टाकीतून, तासाला सुमारे ४०० लिटर पाणी जातं. त्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम निकेल निघतं. काम रोज दहा तास. सध्या चुना टाकून गाळ करतो आणि तो उचलायला वर पैसे देतो. रेझिन लावून हे निकेल परत मिळेल का? (भोसरी, पुणे)

मिळेल. रोज ४,००० लिटर पाण्यातून २४० ग्रॅम, म्हणजे ३०० दिवसांत ७२ किलो निकेल तुम्ही गाळात घालता आहात. २०२३ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत निकेलही आहे.

मात्र रेझिनच्या आधी एक काम फुकटात होतं. मालाचा रॅक बाथमधून (मुलाम्याच्या द्रावणातून) उचलल्यावर टाकीवरच १५-२० सेकंद ठिबकू द्या आणि पहिली रिन्स टाकी वाहती न ठेवता साठवणीची ठेवा. निकेल बाथ ५५-६० अंशांवर चालतो, त्याचं पाणी रोज उडतं. ती भर या साठवणीच्या टाकीतून घाला. इथेच बरंचसं निकेल घरी परत येतं आणि रेझिनवरचा भार कमी होतो.

उरलेल्या पातळ पाण्यासाठी सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणारं) साधं रेझिन घेऊ नका. ते कॅल्शियम आणि निकेल जवळपास सारख्याच हाताने धरतं, त्यामुळे नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमनेच भरून जातं. इमिनोडायअसेटिक गटाचं कीलेटिंग, म्हणजे धातूला चिमट्यासारखं धरणारं, रेझिन घ्या. ल्युवाटिट टीपी २०७, प्युरोलाइट एस ९३०, अँबरलाइट आयआरसी ७४८ ही याच जातीची. याची आवड ठरलेली आहे : तांबं सर्वांत आधी, मग निकेल, मग जस्त आणि कोबाल्ट, बरंच खाली कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि सोडियम शेवटी. पाण्याचा पीएच ४ ते ५ ठेवा. २ च्या खाली गेला की रेझिन निकेल सोडून आम्ल धरू लागतं.

रेझिन ३० लिटर पुरेल. कागदावर क्षमता मोठी दिसते, पण हिशेब लिटरमागे २५ ग्रॅम निकेलचाच धरा. म्हणजे एका भरणीला ७५० ग्रॅम, साधारण तीन दिवस. आठ इंची कॉलममध्ये हा थर ९५ सेंटिमीटरच्या आसपास बसतो. तरीही कॉलमची उंची निदान १.८ मीटर घ्या. आम्ल-रूपातून (आम्लाने धुतल्यावरचं) सोडियम-रूपात (कॉस्टिक सोडा दिल्यावरचं) जाताना हे रेझिन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फुगतं. वर जागा नसेल तर मणी एकमेकांवर दाबून फुटतात आणि महिन्याभरात खालच्या जाळीत भुगा दिसू लागतो. बॅकवॉशलाही (उलट्या धुण्यालाही) वर मोकळी जागा लागतेच.

असे दोन कॉलम एकामागे एक जोडा. पहिला पूर्ण भरेपर्यंत चालवायचा, त्यातून निसटलेलं निकेल दुसरा पकडतो. पहिला भरला की तो बाजूला काढायचा, दुसरा पुढे आणायचा आणि ताजा केलेला मागे लावायचा. कॉलमच्या आधी ५-१० मायक्रॉनचा फिल्टर हवा. ब्राइटनर आणि वेटिंग एजंट या बाथमधल्या सेंद्रिय द्रव्यांसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा डबाही हवा, नाहीतर मणी तेलकट होऊन आळसावतात.

कॉलम भरला हे कसं कळणार? कॉलमला पारदर्शक पाइपचा एक लांबट तुकडा बसवला तर डोळ्यांना दिसतं : फिकट बदामी मण्यांवर वरून निळसर हिरवा पट्टा उतरत येतो आणि त्याची कड रोज खाली सरकते. पट्ट्याच्या वरच्या टोकाला गडद निळी पट्टी दिसली तर पाण्यात तांबं येतं आहे असं समजा. पक्की खूण डायमिथाइलग्लायऑक्झिमची, निकेलबरोबर लाल होणाऱ्या रसायनाची. अल्कोहोलमधलं त्याचं एक टक्का द्रावण बाटलीत भरून ठेवा. पांढऱ्या टाइलवर कॉलमच्या बाहेर येणाऱ्या पाण्याचे दोन थेंब, अमोनियाचा एक, या द्रावणाचा एक. गुलाबी छटा आली की निकेल निसटू लागलं. लालभडक गोळे दिसले की उशीर झाला. शेजारी येणाऱ्या पाण्याचे थेंब तसेच करून ठेवा, म्हणजे तुलना होते.

आता निकेल सोडवणं. आधी खालून वर पाणी सोडून दहा-पंधरा मिनिटं बॅकवॉश. मग १० टक्के गंधकाम्ल ६० लिटर, तासाला ६० ते ९० लिटरच्या वेगाने. आम्ल पातळ करताना ते पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. पहिले १५ लिटर जवळपास नुसतं पाणीच येतं, ते परत रिन्सच्या टाकीत. त्यानंतरचे २५-३० लिटर गडद हिरवे, लिटरमागे २० ग्रॅमच्या आसपास किंवा वर. तेच आपलं धन. शेवटचं फिकट आम्ल जपून ठेवा आणि पुढच्या वेळी सुरुवातीला तेच वापरा. मग पाण्याने धुऊन ४ टक्के कॉस्टिक ३० लिटर खालून वर सोडा. यापेक्षा जास्त कॉस्टिक दिलं तर रेझिन पूर्ण सोडियम-रूपात जातं. मग नव्या पाण्याचा पीएच थरातच वर चढतो आणि निकेल हायड्रॉक्साइडचा चिखल मण्यांमध्ये बसतो. दाब वाढला आणि पाणी जाईना, तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

दुसरी अडचण जिप्समची. अर्धवट भरलेल्या कॉलमच्या खालच्या भागात कॅल्शियम बसलेलं असतं. त्यावर गंधकाम्ल गेलं की कॅल्शियम सल्फेट गोठतं आणि थराची ढेकळं होतात. पहिला कॉलम पूर्ण भरेपर्यंत चालवायचा तो याचसाठी : येणारं निकेल कॅल्शियमला खालून बाहेर ढकलतं. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर आम्ल मिठाचं (हायड्रोक्लोरिक, ७ टक्के) घ्या. मात्र मग बाथमध्ये क्लोराइड किती वाढतं ते मोजत राहा.

मिळालेलं हिरवं द्रावण थेट ब्राइट निकेलच्या बाथमध्ये ओतायचा मोह होतो. तो आवरा. रेझिनला तांबं निकेलहून प्रिय आहे, म्हणजे रिन्समधलं थोडंसं तांबं या द्रावणात गोळा होऊन येतं. धुण्याचा सोडा घालून पीएच ८.५ ते ९ ला न्या, हिरवा निकेल कार्बोनेट बसेल. तो गाळून, धुऊन बाथचा पीएच चढवण्यासाठी वापरता येतो. वापरण्याआधी २६७ मिलिलिटरच्या हल सेलमध्ये (प्लेटिंग तपासायच्या छोट्या टाकीत) थोडा घालून एक पत्रा काढा. कमी करंटच्या टोकाला काळपट पट्टा आला तर तांबं किंवा जस्त आहे. मग कमी करंटवर डमी (टाकाऊ पत्रा) चालवून ते काढावं लागेल.

दोन गोष्टी या ओळीत कधीही मिसळू नका. क्रोमची रिन्स : षट्संयुजी क्रोमियम हे रेझिन धरत नाही, उलट ते रेझिनलाच जाळतं. आणि इलेक्ट्रोलेस (विजेविना चढवलेल्या) निकेलची रिन्स : त्यातली सायट्रेटसारखी संयुगं निकेलला आधीच कवेत घेऊन असतात, रेझिनच्या हाती ते पूर्ण लागत नाही. अशा पाण्याला बिस-पिकोलिलअमीन गटाचं रेझिन लागतं. ते आम्लातही निकेल धरतं, पण किमतीने बरंच महाग आहे.

प्रश्न : थकलेलं रेझिन कचऱ्यात टाकलं तर चालेल का? (वाळूज)

नाही. विषारी धातू असलेलं वापरलेलं आयन-एक्स्चेंज रेझिन २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ३५.२ या क्रमांकावर आहे. ते ओलं, डब्यात बंद, नोंद करून अधिकृत ठिकाणीच द्यायचं. टाकण्याआधी एकदा आम्ल देऊन उरलेला धातू काढून घ्या. आणि हे आम्ल नायट्रिक असता कामा नये. तीव्र नायट्रिक आणि रेझिन एकत्र आलं की तापून स्फोट होऊ शकतो. हे वाक्य रेझिनच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावा.

प्रश्न : आमच्या औषधी द्रव्याच्या प्रक्रियेत पॅलॅडियमचा उत्प्रेरक वापरतो. ५०० लिटर मदर लिकरमध्ये (माल काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावणात) लिटरमागे ४० मिलिग्रॅम पॅलॅडियम सापडलं. थायॉल सिलिका घ्यावी की थायोयुरिया रेझिन? (तारापूर एमआयडीसी)

५०० लिटरमध्ये २० ग्रॅम पॅलॅडियम आहे. दोन्ही पदार्थ गंधकाच्या टोकाने पॅलॅडियम धरतात. पॅलॅडियमची गंधकाशी ओढ एवढी घट्ट की सोडियम, कॅल्शियम, लोह शेजारी कितीही असलं तरी फारसा फरक पडत नाही. निवडकपणाची काळजी इथे नाही. काळजी आहे ती पॅलॅडियम कोणत्या रूपात आहे याची.

आधी एक नमुना ०.४५ मायक्रॉनमधून गाळा आणि गाळण्याआधीचं व नंतरचं पॅलॅडियम आयसीपीवर (धातू मोजायच्या यंत्रावर) मोजा. मोठा फरक पडला तर बराच भाग काळ्या बारीक कणांच्या रूपात आहे. कणांना थायॉल नीट धरत नाही, त्याला फिल्टरच हवा. फरक पडला नाही तर पॅलॅडियम विरघळलेलं आहे, पण ट्रायफेनिलफॉस्फिनसारख्या लिगँडने (धातूला चिकटणाऱ्या रेणूने) त्याला घेरलेलं असू शकतं. मग पकड हळू होते. तापमान ४०-५० अंशांवर नेलं आणि वेळ दिला तर बहुधा जमतं.

५० मिलिलिटरच्या सहा बाटल्या घ्या : तिघींत सिलिका, तिघींत रेझिन, लिटरमागे १, ३ आणि १० ग्रॅम या प्रमाणात. हलवत ठेवा. १, ४ आणि १६ तासांनी नमुना काढा. पॅलॅडियमबरोबर तुमचं मूळ औषधी द्रव्यही मोजा. अमीन असलेले रेणू सिलिकेवर चिकटून बसतात आणि पॅलॅडियमच्या आनंदात माल गेला हे ध्यानात येत नाही. ग्रॅममागे २० मिलिग्रॅम पॅलॅडियम बसलं तर पूर्ण ५०० लिटरला एक किलो अधिशोषक लागेल.

निवड तुमच्या द्रावकावर आणि पुढच्या वाटेवर ठरते. सिलिका कोणत्याही द्रावकात फुगत नाही, पण पीएच ८ च्या वर हळूहळू विरघळते. पॉलिस्टायरीनचं रेझिन टीएचएफ किंवा डायक्लोरोमिथेन या द्रावकांमध्ये इतकं फुगतं की ठासून भरलेलं कार्ट्रिज फाटतं. दोन्हींतून पॅलॅडियम परत सोडवणं अवघड : आम्लातल्या थायोयुरियाने निघतं खरं, पण मग ते थायोयुरियाच्या मिठीतून सोडवायचं नवं काम उभं राहतं. म्हणून भरलेला अधिशोषक रिफायनरला जाळायलाच दिला जातो. रेझिन जळून थोडी, श्रीमंत राख उरते. सिलिका तशीच राहते आणि राखेचं वजन वाढवते. दोन्हींत गंधक आहे, तेव्हा भट्टीला स्क्रबर असलेल्या रिफायनरकडेच द्या. राख एकजीव करून तीन नमुने काढा : एक तुमचा, एक त्यांचा, एक दोघांच्या सहीने सीलबंद. पैशांचा वाद या तिसऱ्या पुडीवर मिटतो.

शेवटच्या मालात किती चालतं, हेही तुम्ही विचारलं आहे. तोंडाने घ्यायच्या औषधांसाठी आयसीएच क्यू३डी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेप्रमाणे पॅलॅडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. दिवसाचा डोस १० ग्रॅम धरला तर मालात १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग).

कार्बनवरचा वापरलेला पॅलॅडियम उत्प्रेरक गाळून वेगळा होत असेल तर तो कोरडा होऊ देऊ नका. मिथेनॉलच्या वाफेत कोरडा उत्प्रेरक हवा लागताच पेटतो. पाण्याने भिजवूनच डब्यात भरा.

प्रश्न : चीनने गॅलियमच्या (चिप, एलईडीत लागणाऱ्या धातूच्या) निर्यातीवर निर्बंध घातल्यापासून वर्गात मुलं विचारतात, आपल्या जिल्ह्यातल्या बॉक्साइटमध्ये गॅलियम असतं का? असेल तर काढत का नाहीत? (कोल्हापूर, शिक्षिका)

बॉक्साइटमध्ये गॅलियम असतंच, टनामागे काही दशक ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियम आणि गॅलियम आवर्तसारणीत वर-खाली बसतात, स्वभावही सारखा, म्हणून निसर्गात ते एकत्र सापडतात. तुमच्या जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीच्या खाणींचं बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे जात आलं आहे. तिथे बायर पद्धतीने ते गरम कॉस्टिकमध्ये विरघळवतात. गॅलियमचा मोठा भाग कॉस्टिकमध्येच उतरतो. तेच कॉस्टिक पुन्हापुन्हा फिरवलं जात असल्याने त्यात गॅलियम साचत जातं आणि लिटरमागे १०० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचतं.

त्याच लिटरमध्ये अ‍ॅल्युमिना मात्र ऐंशी-शंभर ग्रॅम असतं. दोघंही तिथे एकाच वेषात असतात : धातूभोवती चार हायड्रॉक्सिल. इथे कामाला येतं ते अ‍ॅमिडॉक्सिम गटाचं रेझिन. एवढ्या कडक कॉस्टिकमध्येही ते गॅलियम धरतं आणि अ‍ॅल्युमिनियम बहुतांशी जाऊ देतं. त्याआधी द्रावक-निष्कर्षणाची (न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रवात धातू ओढून घ्यायची) पद्धत वापरून पाहिली गेली. ती मंद होती आणि तिच्यातलं सेंद्रिय द्रव थोडं थोडं कॉस्टिकमध्ये उतरायचं. हे कॉस्टिक परत अ‍ॅल्युमिनाच्या ओळीत जाणारं असतं, तिथे घाण चालत नाही. रेझिनचा मोठा फायदा हाच, की ते आपली खूण मागे ठेवत नाही.

त्याचाही एक शत्रू आहे : व्हॅनेडियम. बायरच्या कॉस्टिकमध्ये तेही असतं आणि अ‍ॅमिडॉक्सिमवर गॅलियमहून घट्ट बसतं. ते काढायला तीव्र आम्ल द्यावं तर अ‍ॅमिडॉक्सिम गटच मोडतो. फेरीगणिक रेझिनची धारणशक्ती उतरत जाते. म्हणून नव्या रेझिनचा पहिल्या दिवसाचा आकडा कोणी दाखवला तर मुलांना विचारायला शिकवा, पन्नासाव्या फेरीला किती?

भारतात हे अजिबात झालं नाही असं नाही. रेणुकूट (उत्तर प्रदेश) आणि मेट्टूर (तमिळनाडू) इथल्या कारखान्यांत पूर्वी गॅलियम काढलं जात असे. पण जगातलं बहुतेक सगळं प्राथमिक गॅलियम चीनमधून स्वस्तात येऊ लागल्यावर असे प्लांट इतर देशांतही बंद पडले. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनचे निर्बंध लागू झाले आणि सगळ्यांना आपल्या टाकीतलं कॉस्टिक आठवलं. याचं आम्हाला वाईट वाटतं, कारण मूळ द्रव आपल्याकडे रोज फिरतं आहे. मुलांना सांगायला आणखी एक गोष्ट : गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, म्हणजे मे महिन्यात तुमच्या वर्गात ते बाटलीत पाऱ्यासारखं हलेल.

प्रश्न : समुद्रात युरेनियम आणि लिथियम अमाप आहे असं वाचलं. कोकण किनाऱ्यावर असा उद्योग निघू शकेल का? (देवगड)

युरेनियम टनभर समुद्रपाण्यात ३.३ मिलिग्रॅम असतं. एक किलोसाठी, सगळंच्या सगळं पकडलं तरी, ३ लाख टन पाणी लागतं. ते नुसतं दहा मीटर वर उचलायला ८,००० युनिटहून जास्त वीज जाते. म्हणून पंपाचा मार्ग बंदच, अधिशोषक समुद्रात सोडून लाटा-प्रवाहांवर भिस्त ठेवावी लागते. जपानने १९९९ ते २००१ मध्ये आओमोरी किनाऱ्याजवळ अ‍ॅमिडॉक्सिम बसवलेल्या कापडाचे गठ्ठे सोडून एक किलोच्या आसपास युरेनियम गोळा केलं. त्या कापडावरही व्हॅनेडियम आधी जाऊन बसतं, आणि त्यावर शेवाळ नि शिंपले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा तंतूंवर काम झालं आहे. शिवाय युरेनियमवर अणुऊर्जेच्या कायद्यांचं नियंत्रण आहे, ते साध्या खासगी उद्योगासारखं काढता येत नाही.

लिथियम लिटरमागे ०.१७ मिलिग्रॅम आणि शेजारी मॅग्नेशियम त्याच्या सात हजार पटींहून जास्त. जिथे हे जमलं आहे तिथलं पाणी वेगळं : अर्जेंटिनातल्या ओम्ब्रे म्युएर्तोच्या खारट पाण्यात लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम लिथियम आहे. तिथे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा अधिशोषक नुसत्या पाण्याने धुऊन लिथियम सोडतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात केळीच्या खांबापासून अधिशोषक केला. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम निकेलच्या द्रावणात क्षमता ग्रॅममागे २५० मिलिग्रॅम आली. पेटंट घ्यावं का? (जळगाव)

आधी ढवळून झाल्यावरचा पीएच सांगा. तो ८ च्या वर असेल तर निकेल अधिशोषित झालेलं नाही, हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसलं आहे. केळीच्या राखेत, कोळशात पोटॅश भरपूर असतं, पीएच आपोआप चढतो. अधिशोषक आधी पाण्याने पीएच स्थिर होईपर्यंत धुवा. मग त्याच पीएचचं निकेलचं द्रावण अधिशोषकाविना एका बाटलीत ठेवून बघा. त्यातही निकेल कमी झालं तर आकडा खोडा.

पीएच बरोबर निघाला तरी तुमची क्षमता लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या द्रावणात मोजलेली आहे. पातळ पाण्यासाठी दुसरा आकडा लागतो, तो म्हणजे वाटपाचा गुणांक. १०० मिलिलिटर पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम निकेल घ्या, ०.१ ग्रॅम अधिशोषक टाका. लिटरमागे उरलं १ मिलिग्रॅम, तर ग्रॅमवर बसलं ९ मिलिग्रॅम आणि गुणांक ग्रॅममागे ९,००० मिलिलिटर. हा प्रयोग आधी शुद्ध पाण्यात करा, मग लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम घालून. दुसऱ्या वेळी गुणांक शंभरावर आला तर तुम्ही सॉफ्टनर बनवला आहे. टिकला तर त्याच अधिशोषकावर आम्लाने सोडवणं आणि पुन्हा भरणं असं दहा वेळा करा, प्रत्येक फेरीनंतर कोरडं वजन घ्या. केळीच्या तंतूंचं वजन आम्लात किती घटतं ते तिसऱ्या-चौथ्या फेरीतच दिसेल. हे दहा आकडे घेऊन मग मार्गदर्शकांकडे पेटंटचा विषय काढा.